शरीरांतील लोहाची कणगी

अहिल्यानगरहून छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासें तालुक्यांत, घोडेगांव लागतें. जनावरांचा बाजार आणि कांद्याची पेठ यांकरितां हें गांव दूरवर ओळखलें जातें. शनिशिंगणापुरास जाणारे पुष्कळसे यात्रेकरू येथेंच हमरस्ता सोडून आंत वळतात. या परिसरांत दोन गोष्टी लहान मुलालाही ठाऊक असतात. पहिली ही कीं, माल पिकविणें ही निम्मीच कामगिरी होय. तो नीट साठविणें ही उरलेली निम्मी. उन्हाळी कांदा हवा न लागतां कोंडून ठेवला तर सडतो, आणि उघड्यावर टाकला तर उन्हापावसानें जातो; म्हणून त्याला चाळ लागते. दुसरी गोष्ट ही कीं, लोखंड हा शनीचा धातु. आणि शनि प्रसन्न असेल तर तारतो, कोपला तर मारतो. साठवणीची कला आणि लोहाचा हा दुहेरी स्वभाव, या दोहोंची गांठ जेथें पडते तें ठिकाण म्हणजे मनुष्याचें शरीर.

प्रौढ मनुष्याच्या अंगांत सुमारें ३ ते ४ ग्रॅम लोह असतें. एवढें लोखंड एका बेताच्या खिळ्यांत मावेल. त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश भाग रक्तांतील तांबड्या पेशींमध्यें, हिमोग्लोबिन या द्रव्यांत, गुंतलेला असतो. श्वासाबरोबर आलेला प्राणवायु पकडून तो बोटांच्या टोकांपर्यंत पोंचविणें हें या द्रव्याचें काम. कांहीं लोह स्नायूंत असतें, कांहीं पेशींच्या ऊर्जा उत्पन्न करणाऱ्या यंत्रणेंत असतें. आणि उरतें तें शिलकेंत पडतें. निरोगी पुरुषाच्या शिलकेंत साधारणतः १ ग्रॅमपर्यंत लोह असतें. स्त्रीच्या शिलकेंत पुष्कळदां ३०० मिलिग्रॅमच असतें, आणि अनेकींच्या शिलकेंत जवळजवळ कांहींच नसतें. ही शिलक कोठें राहते, तिला कुलूप कोण घालतें आणि किल्ली कोणाच्या हातीं असते, हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नाहीं. घरोघरच्या मुलीबाळींच्या आरोग्याचा निम्मा हिशेब त्यांत आहे.

लोह मोकळें कां ठेवतां येत नाहीं, हें प्रथम पाहिलें पाहिजे. लोहाचा अणु इलेक्ट्रॉन देण्यास व घेण्यास सदैव तत्पर असतो. याच गुणामुळें तो जीवनास उपयोगी पडतो, आणि याच गुणामुळें तो घातकही ठरतो. पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड हें द्रव्य अल्प प्रमाणांत नित्य तयार होत असतें. मोकळें लोह त्याला भेटलें कीं, अत्यंत दाहक असा हायड्रॉक्सिल मूलक उत्पन्न होतो. आणि तो पेशींचीं आवरणें, प्रथिनें, किंबहुना आनुवंशिक द्रव्यसुद्धां पोळून टाकतो. हेन्री फेंटन या इंग्रज रसायनज्ञानें १८९४ सालीं लोहाच्या या क्रियेचें वर्णन केलें. दुसरी अडचण अशी कीं, प्राणवायूच्या सान्निध्यांत लोहाचें जें रूप बनतें तें पाण्यांत विरघळत नाहीं. त्याचा गंज होऊन बसतो. तिसरी अडचण चोरांची. रोगजंतूंनाही वाढण्यासाठीं लोह लागतें, आणि उघड्यावर पडलेलें लोह त्यांना आयतेंच मिळतें. शनिशिंगणापुरांत घरांना दारें व कुलपें न लावण्याची परंपरा प्रसिद्ध आहे. परंतु शरीराला लोहाच्या बाबतींत असा विश्वास ठेवतां येत नाहीं. त्याला कडेकोट बंदोबस्त करावा लागतो.

या विषयाच्या इतिहासांत १९३७ हें वर्ष दोन कारणांनीं स्मरणीय आहे. त्या वर्षीं रॉबर्ट मॅकॅन्स व एल्सी विडोसन या इंग्लंडांतील दोघां संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, जादा झालेलें लोह बाहेर टाकण्याचें कोणतेंच खास साधन मनुष्याच्या शरीराला नाहीं. मीठ जास्त झालें तर मूत्रावाटें जातें. लोहाला तशी मोरी नाहीं. कातडीच्या व आंतड्याच्या गळणाऱ्या पेशींबरोबर रोज सुमारें १ मिलिग्रॅम लोह जातें तेवढेंच. म्हणून लोहाचा सारा कारभार आवकेच्या दारावर आणि आंतल्या कोठारांत चालतो. त्याच वर्षीं विलेम लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञानें घोड्याच्या प्लीहेंतून एक प्रथिन स्फटिकरूपांत वेगळें काढलें. त्यांत वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक लोह भरलेलें होतें. लॅटिन भाषेंत लोखंडास ‘फेरम्’ म्हणतात. त्यावरून या प्रथिनाला फेरिटिन हें नांव मिळालें. आपल्या कोठाराचा पत्ता मनुष्याला असा घोड्याच्या प्लीहेमुळें लागला.

फेरिटिनची बांधणी विस्मयकारक आहे. प्रथिनाच्या २४ सांखळ्या एकमेकींत गुंफून एक पोकळ गोळा बनतो. जुन्या घरांत धान्यासाठीं बांबूची विणलेली आणि शेणानें सारवलेली कणगी असे, तशीच ही कणगी. मात्र तिचा आकार कल्पनेपलीकडे लहान असतो. तिची बाहेरची रुंदी १२ नॅनोमीटर असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेवर अशा सुमारें ८३ हजार कणग्या ओळीनें बसतील. आंतली पोकळी ८ नॅनोमीटरची, आणि तींत लोहाचे सुमारें ४,५०० अणू मावतात. भिंतींत बारीक वाटा ठेवलेल्या असतात, त्यांतून लोह आंत शिरतें. सांखळ्या दोन जातींच्या असतात, एक जड व एक हलकी. विरघळलेल्या रूपांत आलेल्या लोहाचें रूपांतर करून त्याला निरुपद्रवी बनविण्याचें काम जड सांखळी करते. आंत त्याचा घट्ट थर बसविण्यास हलकी सांखळी साहाय्य करते. आंत सांठतो तो वस्तुतः गंजाचाच एक प्रकार होय. उघड्यावर जो गंज नाशास कारण होतो, तोच कणगींत बंदिस्त झाला म्हणजे ठेव होऊन राहतो.

या कणग्या यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा या ठिकाणीं विशेष दाट असतात. परंतु थोड्याफार प्रमाणांत त्या बहुतेक सर्व पेशींत आढळतात, कारण लोहापासून स्वतःचा बचाव प्रत्येक पेशीला करावाच लागतो. किती कणग्या बांधावयाच्या हेंही पेशी बेतानें ठरविते. फेरिटिन तयार करण्याचें आज्ञापत्र पेशींत आधींच लिहून ठेवलेलें असतें. लोह कमी असतें तेव्हां कांहीं नियामक प्रथिनें त्या आज्ञापत्रावर ठाण मांडून बसतात आणि त्याची अंमलबजावणी होऊं देत नाहींत. लोह वाढलें कीं तीं उठून जातात, आणि कणग्या भराभर बनूं लागतात. पीक हातीं आल्यावर कोठार बांधावयास बसण्याची वेळ पेशीवर येत नाहीं; सामान जमविलेलें असतें, हुकमाचीच वाट असते.

कोठारापर्यंत माल नेण्यास गाडी पाहिजे. तें काम रक्तांतील ट्रान्सफेरिन नांवाचें प्रथिन करतें. त्याचा एक रेणू लोहाचे दोनच अणू वाहून नेतो, परंतु वाटेंत एकही सांडूं देत नाहीं. एका वेळीं या साऱ्या गाड्यांवर मिळून ३-४ मिलिग्रॅम लोह असतें. पण फेऱ्या इतक्या जलद होतात कीं, दिवसाकाठीं २० ते २५ मिलिग्रॅम लोहाची ने-आण होते. हें लोह येतें कोठून? अन्नांतून रोज १ ते २ मिलिग्रॅमच रक्तांत येतें. बाकीचें सारें जुन्याचेंच असतें. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ती जीर्ण झाली म्हणजे प्लीहेंतील व यकृतांतील भक्षकपेशी तिला गिळतात, तिच्यांतील लोह काढून घेतात, आणि तें पुन्हां अस्थिमज्जेकडे नव्या पेशींसाठीं पाठवितात. मोडीचें लोखंड पुन्हां भट्टींत घालून नवें हत्यार घडविणाऱ्या लोहारासारखाच हा व्यवहार आहे. या काटकसरीमुळेंच एवढ्याशा आवकेवर शरीराचा संसार चालतो.

या सर्वांवर देखरेख करणारा कारभारी पुष्कळ उशिरां सांपडला. २००० व २००१ या सालांत हेप्सिडिन या संप्रेरकाचा शोध लागला. तें यकृतांत तयार होतें आणि त्यांत अवघीं २५ अमायनो आम्लें असतात. पेशींतून लोह रक्तांत सोडणारें दार म्हणजे फेरोपोर्टिन हें प्रथिन. कोठारें भरलेलीं असलीं म्हणजे यकृत हेप्सिडिन सोडतें. तें या दारांस चिकटून तीं नाहींशीं करतें. मग आंतड्याच्या पेशींनीं अन्नांतून उचललेलें लोह त्यांच्याच फेरिटिनमध्यें अडकून पडतें. आणि त्या पेशी थोड्याच दिवसांत गळून पडतात तेव्हां त्यांच्याबरोबर तें निघून जातें. कोठारें रिकामीं झालीं म्हणजे हेप्सिडिन कमी होतें, दारें उघडतात आणि आवक वाढते. कोठारांतून लोह काढावयाचें असतें तेव्हां कणगी पेशींतील पचनकोषाकडे नेली जाते आणि तेथें तिच्यांतील लोह मोकळें होतें. कणगीला तेथवर वाट दाखविणारें प्रथिन कोणतें, हें २०१४ सालीं कळून आलें.

अंगांत ताप असला किंवा जंतूंचा शिरकाव झाला म्हणजे हेप्सिडिन मुद्दाम वाढतें आणि लोह कोठारांत कोंडून ठेवलें जातें. शत्रु दाराशीं आला असतां गांवकऱ्यांनीं धान्य पेवांत दडवावें, तसा हा डाव आहे. परंतु आजार दीर्घकाळ चालला तर घरच्यांचीही उपासमार होते: कोठार भरलेलें असूनही अस्थिमज्जेला लोह मिळत नाहीं आणि रक्त कमी पडतें. अशा मनुष्याला लोहाच्या गोळ्या देऊन फारसें साधत नाहीं. मूळ आजार हटवावा लागतो.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळतां येईल. अन्नांतील आवक खर्चास पुरेनाशी झाली म्हणजे शरीर प्रथम शिलकेला हात घालतें. फेरिटिन हळूहळू रिकामें होतें, पण हिमोग्लोबिन बराच काळ पूर्ववत् राहतें. बाजारांत मालाचे ढीग दिसत असतात आणि कोठारांत खडखडाट झालेला असतो. या अवस्थेंत थकवा येतो, लक्ष लागत नाहीं, जिना चढतांना धाप लागते. परंतु रक्तांतील हिमोग्लोबिन तपासलें तर तें ठीक असल्याचेंच दिसतें. शिलक पूर्ण संपल्यावरच रक्तक्षय उघड होतो. अर्थात् रक्तक्षय ही दिवाळखोरी जाहीर होण्याची वेळ होय. तोटा त्यापूर्वीं कित्येक महिने चाललेला असतो.

सुदैवानें कोठाराची झडती घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. फेरिटिनचा अत्यल्प अंश रक्तांत उतरतो, आणि त्याचें प्रमाण आंतील सांठ्याशीं मिळतेंजुळतें असतें. १९७२ सालापासून तें मोजण्याची रीत उपलब्ध आहे. रक्तरसाच्या एका लिटरांत १ मायक्रोग्रॅम फेरिटिन म्हणजे आंत सुमारें ८ ते १० मिलिग्रॅम लोहाची शिलक, असा स्थूल हिशेब धरतात. निरोगी प्रौढांत हा आंकडा १५ च्या खालीं गेला तर कोठार रितें झालें असें जागतिक आरोग्य संघटना मानते. मात्र तापांत व दाहांत फेरिटिन वाढतें. म्हणून आजारी माणसाचा आंकडा वैद्याच्या सल्ल्यावांचून वाचूं नये.

हा तोटा बहुतांशीं स्त्रियांच्या वांट्याला येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींना रक्तक्षय असल्याचें आढळलें. पांच वर्षांखालील बालकांत हें प्रमाण शेंकडा ६९ च्या घरांत होतें. सर्वच रक्तक्षय लोहाच्या अभावानें होतो असें नाहीं, परंतु लोहाचा अभाव हें त्याचें एक प्रमुख कारण होय. मासिक ऋतुस्रावांत लोह जातें. एक मिलिलिटर रक्त म्हणजे अर्धा मिलिग्रॅम लोह. पुढें गर्भारपण येतें. वाढणारें रक्त, वार, गर्भ आणि प्रसूतींतील रक्तस्राव मिळून एका खेपेला सुमारें १,००० मिलिग्रॅम लोह लागतें. जिच्या शिलकेंत ३०० मिलिग्रॅमही नाहीं, तिनें उरलेलें कोठून आणावें? ज्या घरांत सून सर्वांच्या मागून जेवते आणि उरेल तें खाते, तेथें हा हिशेब कधींच जुळत नाहीं. प्रसूतींत थोडा अधिक रक्तस्राव झाला तरी अशा स्त्रीच्या जिवावर बेततें.

तिच्या मुलाचाही प्रश्न असतो. गर्भ आपली शिदोरी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत बांधून घेतो आणि जन्मानंतर सुमारें सहा महिने तीवर काढतो, कारण दुधांत लोह फार थोडें असतें. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या मुलाची शिदोरी अपुरी राहते. जन्मानंतर नाळ लगेच न बांधतां एक ते तीन मिनिटें थांबल्यास वारेंतील रक्त मुलाकडे उतरतें आणि त्याच्या शिलकेंत चांगली भर पडते. या क्षणभराच्या धीराला कांहीं खर्च येत नाहीं. सहा महिन्यांनंतर मात्र वरचें अन्न सुरू झालेंच पाहिजे.

कोठार भरावयाचें कसें, याचें एक उत्तर याच मुलखांत तयार झालें आहे. नेवाशाला लागून असलेल्या राहुरी तालुक्यांत महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे. हैदराबादजवळील पाटणचेरूची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि हें विद्यापीठ यांच्या सहकार्यानें ‘धनशक्ति’ नांवाचें लोहसमृद्ध बाजरीचें वाण निघालें, आणि २०१२ सालीं तें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांसाठीं प्रसारित झालें. एका किलोग्रॅम दाण्यांत सुमारें ७० मिलिग्रॅम लोह असतें. या वाणाची परीक्षा महाराष्ट्रांतीलच १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींवर झाली आणि तिचा अहवाल २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. प्रारंभीं त्यांच्यापैकीं शेंकडा ४१ जणांचें फेरिटिन १५ च्या खालीं होतें. कांहींना लोहसमृद्ध बाजरीची भाकरी दिली, कांहींना साध्या बाजरीची. चार महिन्यांत पहिल्या गटाचें फेरिटिन दुसऱ्यापेक्षां स्पष्ट वाढलें. आणि ज्यांचीं कोठारें प्रारंभीं रितीं होतीं, त्यांच्यांत सहा महिन्यांनीं तीं भरून येण्याची शक्यता लोहसमृद्ध भाकरी खाणाऱ्यांत १.६ पट अधिक दिसली. औषधानें नव्हे, रोजच्या भाकरीनें हें घडलें.

तथापि ताटांत लोह आलें म्हणजे तें अंगीं लागलेंच असें नाहीं. धान्यांतील व पालेभाज्यांतील लोहाचा थोडाच भाग शोषला जातो. मांस-मासळींतील लोह त्या मानानें सुलभ. कोंड्यांतील फायटेट आणि चहांतील टॅनिन हीं लोहाला धरून ठेवतात. यास्तव जेवणावर लगेच चहा घेणें म्हणजे आलेला माल वेशीवरूनच परत पाठविणें होय. उलट लिंबू, आंवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेल्या रूपांत ठेवतें. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्थेनें २०१० सालीं प्रयोगनळींतील पचनक्रियेवरून असें दाखविलें कीं, धान्य व डाळींबरोबर कांदा-लसूण असल्यास त्यांतील लोह अधिक मोकळें होतें. भाकरी, बुक्कीनें फोडलेला कांदा आणि लिंबाची फोड या शेतकऱ्याच्या शिदोरीला असा शास्त्राचाही दुजोरा मिळतो. लोखंडी तव्याचा आणि कढईचा त्याग करण्याचें कारण नाहीं, आणि बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची जुनी चालही लोहाच्या दृष्टीनें शहाणपणाचीच आहे.

परंतु ज्याचें कोठार पार रितें झालें आहे, त्याला केवळ आहार पुरत नाहीं. गोळ्या घ्याव्या लागतात. येथें पुष्कळांची एक चूक होते. महिना-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन सुधारतें, अंगांत हुशारी वाटते, आणि गोळ्या बंद होतात. वस्तुतः तोंवर बाजारच भरलेला असतो, कोठार नव्हे. म्हणून रक्त सुधारल्यावरही सुमारें तीन महिने गोळ्या चालू ठेवण्याचा सल्ला वैद्य देतात. एक गोळी घेतली कीं हेप्सिडिन कांहीं काळ वाढतें आणि दुसऱ्या दिवशींच्या गोळीला दार अर्धवट मिटलेलें सांपडतें. म्हणून लोहाची कमतरता असलेल्या तरुण स्त्रियांना एक दिवसाआड गोळी दिली असतां प्रत्येक गोळींतील अधिक लोह शोषलें जातें, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. कोणास कोणता क्रम हितकर, हें वैद्यानेंच ठरवावें. गर्भवतीनें तर सांगितलेला क्रम आपल्या मनानें मोडूं नये.

कोठार ओसंडणें हेंही तितकेंच भयंकर असतें. थॅलसीमिया या आनुवंशिक विकारांत मुलाला आयुष्यभर दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह अंगांत येतें, आणि बाहेर जाण्यास वाट नसते. फेरिटिनच्या कणग्या भरतात; भरलेल्या कणग्या ढांसळून हिमोसिडेरिन नांवाचे ढिगारे बनतात, आणि त्यांतून लोह सहजीं काढतां येत नाहीं. त्यानंतर यकृत, हृदय व अंतःस्रावी ग्रंथि पोळूं लागतात. अशा मुलांना लोह पकडून बाहेर नेणारीं औषधें नियमानें द्यावीं लागतात. त्यांचा जीव रक्तावर जितका, तितकाच या औषधांवर अवलंबून असतो. म्हणूनच निरोगी मनुष्यानें तपासणीशिवाय, ‘रक्त वाढतें’ एवढ्या ऐकीव गोष्टीवर, वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या खाणें इष्ट नव्हे.

कांद्याच्या चाळीला जो न्याय लागू, तोच येथें लागू आहे. चाळ रिती राहिली तर वर्ष बुडतें, आणि बेसुमार भरली तर आंतला मालच तिचा नाश करतो. शरीरानें आपल्या चार ग्रॅम लोहासाठीं कणग्या विणल्या, गाड्या जुंपल्या, कारभारी नेमला. तथापि आवक मनुष्याच्या ताटांतूनच व्हावयाची असते. आणि घरांतील सर्वांत शेवटीं मांडल्या जाणाऱ्या ताटांत ती होते कीं नाहीं, हें पाहणें कोणत्याही प्रथिनाच्या हातचें नाहीं. तें घरांतल्या माणसांनींच पाहावयाचें आहे.